रापणीवरचा तांडेल बघतो कुठे? गेममधल्या पात्राची नजर स्क्रिप्टमध्ये बसवताना

तुझा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही ते तुला तपासता येईल. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढली जातेय, असा थ्री-डी गेम तू गोडो या गेम इंजिनमध्ये करते आहेस. खेळणारा चालवतो ती पाण्याची कळशी घेऊन फिरणारी एक लहान मुलगी. वाळूत एक म्हातारा तांडेल, म्हणजे ओढणाऱ्यांचा म्होरक्या, उभा आहे आणि दोन्ही दोरांवर मिळून वीस माणसं आहेत. मुलगी जवळ आली की त्यांनी तिच्याकडे बघावं, म्हणून तू प्रत्येकाच्या डोक्याच्या बोनला (पात्राच्या सांगाड्यातल्या हाडाला) थेट लूक-अ‍ॅट, म्हणजे टार्गेटकडे तोंड वळवणारी आज्ञा, लावलंस. त्यानंतर मुलगी पाठीमागून गेली की तांडेलाची मान गर्रकन फिरते, ती जवळ आली की तो तिच्या पायांकडे बघतो, मैत्रिणीच्या जुन्या फोनवर सगळ्यांच्या माना सुस्त होतात, आणि वीसच्या वीस माणसं सतत तिच्यावर डोळे रोखून असल्यामुळे किनारा झपाटल्यासारखा वाटतो.

पहिल्या तीन गोष्टी गणिताच्या आहेत, एक-दोन संध्याकाळी बसलीस तर सुटतील. चौथी मात्र तुझ्या गेमचा जीव आहे, आणि तिच्यासाठी कोडची मांडणीच बदलावी लागेल. पंधरा वर्षं मी हेच काम करतोय, आधी पुण्यात आणि आता वेंगुर्ल्याला घरून. नजरेच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मी प्रत्येक टीममध्ये पाहिलीय, ती म्हणजे ‘कशाकडे बघायचं’ आणि ‘तिकडे वळायचं कसं’ ही दोन्ही कामं एकाच स्क्रिप्टमध्ये कोंबणं. तू ती आजच वेगळी कर. एक स्क्रिप्ट लक्ष ठरवेल. तिचं उत्तर फक्त दोन गोष्टींचं: जगातला एक बिंदू, आणि शून्य ते एकमधलं वजन, म्हणजे किती मनापासून बघायचं. दुसरी स्क्रिप्ट तेवढ्यावरून मान आणि डोळे वळवेल. समोर मुलगी आहे, जाळं आहे की घार आहे, हे दुसरीला कळायचं काही कारण नाही.

आधी वळणं घेऊ.

पायांकडे बघण्याचं कारण सरळ आहे. गोडोत पात्राचा मूळ बिंदू बहुतेक वेळा दोन पावलांच्या मध्ये जमिनीवर असतो, आणि तू त्याचीच जागा टार्गेट म्हणून देते आहेस. मुलीच्या डोक्याच्या बोनला एक रिकामा नोड, म्हणजे सीनमधली नुसती एक अदृश्य खूण, जोड, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि टार्गेट म्हणून तो दे. तांडेलाच्या बाजूनेही तसंच कर. दिशा त्याच्या पायांपासून किंवा मानेच्या बुडापासून मोजू नकोस, डोळ्यांपासून मोज. लांबून फरक कळत नाही, पण मुलगी हातभर अंतरावर आली की दहा-पंधरा अंशांची चूक दिसते, आणि माणसाचा डोळा ती लगेच पकडतो. समोरचा आपल्या डोळ्यांत बघतोय की कपाळाकडे, हे आपल्याला विचार न करता कळतं.

पुढची गोष्ट कोन मोजण्याची. कोन कुठल्या चौकटीत, म्हणजे कुणाला स्थिर धरून, मोजायचा? डोक्याच्या स्वतःच्या चौकटीत मोजलास तर मागच्या फ्रेमला वळलेलं डोकंच तुझी मोजपट्टी होतं, आणि मान थरथरायला लागते. कोन छातीच्या चौकटीत मोज, म्हणजे वरच्या पाठीचा जो बोन मानेला उचलून धरतो त्याच्या. एक काळजी घे: या बोनचे अक्ष वाकडेतिकडे असू शकतात, म्हणून त्यालाही एक रिकामा नोड जोड, ज्याचा झेड छातीसमोर आणि वाय वर असेल. मग हिशोब एवढाच उरतो (एटॅन२ म्हणजे दोन बाजूंवरून कोन काढणारं फंक्शन):

दिशा = छातीच्या चौकटीत (टार्गेट − डोळ्यांची जागा)
आडवा कोन = एटॅन२(दिशा.एक्स, दिशा.झेड)
उभा कोन = एटॅन२(दिशा.वाय, जमिनीलगतचं अंतर)

इथे तोंड अधिक झेडकडे आहे असं मी धरलंय. गोडोचा लूक-अ‍ॅट मात्र उणे झेडला ‘समोर’ मानतो, आणि ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमधून ग्लटीएफ फाइलने आणलेली पात्रं बहुधा अधिक झेडकडे तोंड करून उभी असतात. तुझा तांडेल सुरुवातीला समुद्राकडे पाठ करून उभा राहत होता असं तू लिहिलंस, त्याचं कारण हेच. लूक-अ‍ॅटला तिसरा पर्याय आहे, मॉडेलचा पुढचा भाग वापर म्हणून सांगणारा, तो चालू केला की ते सुटतं. युनिटीत समोर म्हणजे अधिक झेड, अनरिअलमध्ये एक्स, आणि तिथे वर म्हणजे झेड. त्यामुळे एका इंजिनमधलं सूत्र दुसरीकडे जसंच्या तसं नेऊ नये. चिन्हांचंही भान ठेव: अधिक झेडकडे तोंड असलेल्या डोक्याला वर बघायला लावायचं, तर एक्स अक्षाभोवतीचा कोन उणे द्यावा लागतो.

डोक्याच्या बोनवर थेट लूक-अ‍ॅट चालवलं की चेहरा आभाळाकडे का जातो, तेही सांगून टाकतो. ब्लेंडरमध्ये बोनचा वाय अक्ष त्याच्या लांबीच्या दिशेने जातो, म्हणजे मानेकडून टाळूकडे. चेहऱ्याचा रोख बोनच्या कुठल्या अक्षावर येईल हे रिग, म्हणजे पात्राचा सांगाडा, करणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून बोनला जगातली दिशा थेट देऊ नकोस. अ‍ॅनिमेशनमधून आलेली पोज तशीच ठेव आणि तिच्यावर तुझा आडवा-उभा कोन चढव. याचा दुसरा फायदा मोठा आहे: दोर ओढताना माणसाचं डोकं प्रत्येक हिसक्याला हलतं, ते हलणं टिकून राहतं. पोज पुसून नवीन दिशा दिलीस तर अंग हिसके खातंय आणि डोकं मात्र हवेत खिळलंय, असं विचित्र दिसतं.

हे सगळं अ‍ॅनिमेशन लागून झाल्यावर चालायला हवं, नाहीतर अ‍ॅनिमेशन तुझं काम पुसून टाकतं. युनिटीत यासाठी लेट-अपडेट आहे. गोडोच्या ४.३ आवृत्तीपासून स्केलेटन-मॉडिफायर नावाचा नोड आहे, तो सांगाड्याखाली ठेवला की अ‍ॅनिमेशननंतर चालतो. ४.४ मध्ये तयार लूक-अ‍ॅट-मॉडिफायरही आला, त्यात कोनांच्या मर्यादाही देता येतात. तू तो वापरलास तरी हरकत नाही. पण मानेचं गणित एकदा स्वतःच्या हाताने कर, कारण पुढचा मुद्दा कुठल्याही तयार नोडमध्ये आपोआप समजत नाही.

मान गर्रकन का फिरते? मुलगी तांडेलाच्या डावीकडून मागे जाते तेव्हा कोन ९०, १२०, १७० असा वाढतो आणि पाठीमागची रेघ ओलांडली की एकदम उणे १७० होतो. साध्या वजाबाकीने फरक ३४० अंश येतो आणि डोकं उलट्या बाजूने सगळी फेरी मारून येतं. यावर कुणीही सांगेल की फरक उणे १८० ते अधिक १८० मध्ये गुंडाळून घे, लर्प-अँगल किंवा अँगल-डिफरन्स ही तयार फंक्शन्स वापर. अंगासाठी हा सल्ला बरोबर आहे. माणूस पायांवर वळतो तेव्हा तो जवळच्या बाजूनेच वळतो. पण मानेला हा सल्ला लावलास तर ती जवळची वाट म्हणून पाठीवरून जाते! मानेला पाठीवरून वाटच नाही. उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्याकडे जायचं तर तिला छातीसमोरूनच जावं लागतं. म्हणून अंगाचा कोन गुंडाळायचा आणि मानेचा कधीच गुंडाळायचा नाही. मानेच्या कोनाला फक्त दोन्हीकडे मर्यादा घालायची. मी ७० अंश धरतो, म्हाताऱ्या पात्राला ५५.

मर्यादा घातलीस की नवीन अडचण उभी राहील. मुलगी अगदी पाठीमागे इकडून तिकडे हलली, की तांडेलाचं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर आपटत राहील. खरा माणूस अशा वेळी नाद सोडून देतो किंवा पाय उचलून वळतो. तेच लिही. टार्गेट ११० अंशांच्या पलीकडे गेलं की वजन हळूहळू शून्यावर आण, साधारण ०.४ सेकंदात, आणि ते ८५ च्या आत येईपर्यंत पुन्हा धरू नकोस. सोडायचा आणि धरायचा आकडा वेगळा ठेवणं महत्त्वाचं आहे. दोन्ही एकच ठेवलेस तर मुलगी नेमकी त्या रेघेवर उभी राहील आणि मान फडफडेल. तांडेल मोकळा उभा आहे, त्यामुळे टार्गेट सेकंदभराहून जास्त वेळ ७० च्या बाहेर राहिलं तर त्याला पाय उचलून वळण्याचं अ‍ॅनिमेशन दे. दोरावरच्या माणसाला ते देऊ नकोस, त्याचे पाय वाळूत रोवलेले आहेत.

वळण सगळं डोक्याच्या बोनवर टाकू नकोस. निम्मं डोक्याला, तीस टक्के मानेला आणि वीस टक्के वरच्या पाठीला दे. एवढ्यानेच मान पिळवटल्यासारखी दिसणं थांबतं.

आता फोनचा सुस्तपणा. तू दर फ्रेमला उरलेल्या अंतराच्या एक दशांश सरकवते आहेस. सेकंदाला ६० फ्रेम पडल्या तर सेकंदाअखेर ०.२ टक्क्याहून कमी अंतर उरतं, ३० पडल्या तर ४ टक्क्यांहून जास्त. म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर जी हालचाल अर्ध्या सेकंदात होते तिला त्या फोनवर एक सेकंद लागतो. एक दशांशाच्या जागी ‘१ − एक्स्प(−वेग × डेल्टा)’ घाल, डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. वेग साडेसहाच्या आसपास ठेवलास तर तुझ्या लॅपटॉपवरची चाल जवळपास तशीच राहील आणि फोनवरही तीच दिसेल. मात्र एवढ्यावर थांबू नकोस. या सूत्रात डोकं पहिल्याच क्षणी सर्वात जास्त वेगाने सुटतं आणि मग रेंगाळत पोचतं. माणसाचं डोकं जड असतं, ते हळू सुटतं, मध्ये वेग घेतं आणि मग थांबतं. यासाठी क्रिटिकली डॅम्प्ड स्प्रिंग (टार्गेट न ओलांडता त्यावर थांबणारी) लिही, म्हणजे कोनाबरोबर त्याचा वेगही साठवून ठेव. युनिटीत ती स्मूथ-डॅम्प म्हणून तयार मिळते, गोडोत दहा ओळींत होते.

डोळ्यांचा हिशोब सगळ्यात सुंदर आहे, आणि बहुतेक जण तो सोडून देतात. माणूस बाजूला बघतो तेव्हा आधी डोळे उडी मारतात, मग डोकं मागून येतं, आणि डोकं येत असताना डोळे उलटे फिरून जागेवर परततात, म्हणजे नजर टार्गेटवरच राहते. यासाठी वेगळं अ‍ॅनिमेशन लागत नाही. तीन ओळी पुरतात:

नजर = टार्गेटचा कोन, लगेच
डोकं = स्प्रिंगने नजरेच्या ७० टक्क्यांपर्यंत
डोळे = नजर − डोकं, मर्यादा ३० अंश

मुलगी ६० अंशांवर आहे असं धर. पहिल्या क्षणी डोकं शून्यावर असतं, डोळ्यांना ६० हवे असतात पण मर्यादेमुळे ते ३० वर थांबतात. हा तिरपा कटाक्ष फार थोडा वेळ दिसतो, आणि तोच पात्राला जिवंत करतो. डोकं ३० वर पोचलं की नजर मुलीवर बसते. तिथून पुढे डोकं ४२ पर्यंत जातं आणि डोळे तेवढेच मागे येत १८ वर स्थिरावतात. टार्गेट बारा-पंधरा अंशांच्या आत असेल तर डोकं हलवूच नकोस, डोळे पुरेत. नजरेची उडी मोठी असेल, चाळीस अंशांच्या वर, तर मध्ये एक पापणी मिटव. माणसं असं खरोखर करतात.

पापणीचंच आणखी एक. तुझी मुलगी लहान आहे, म्हणजे सगळे तिच्याकडे खाली बघणार. खाली बघताना वरची पापणी बुबुळाबरोबर खाली उतरते. बुबुळ खाली गेलं आणि पापणी तिथेच राहिली, तर बुबुळाच्या वर पांढरं दिसतं आणि माणूस घाबरलाय किंवा अंगात आलंय असं वाटतं. तू पाठवलेल्या चित्रात तांडेलाचा चेहरा भेसूर वाटतो, त्याचं निम्मं कारण हे आहे. डोळ्यांचा उभा कोन पापणीच्या ब्लेंडशेपला, म्हणजे तिचा आकार बदलणाऱ्या सोयीला, जोड, कोन जेवढा खाली तेवढी पापणी खाली. एका ओळीचं काम आहे.

एक खोडी आधीच सांगून ठेवतो, कारण तुझ्या सीनमध्ये माड आहेत. माडावर चढलेल्या माणसाकडे कुणी अगदी बुंध्याशी उभं राहून बघितलं, तर टार्गेट जवळपास डोक्यावर येतं. तेव्हा एक्स आणि झेड दोन्ही शून्याजवळ जातात, आणि वरचा माणूस वीतभर हलला तरी आडवा कोन ९० अंशांनी उडतो. जमिनीलगतचं अंतर उंचीच्या एक दशांशाहून कमी झालं की आडवा कोन बदलणं थांबव, आधीचाच धरून ठेव. उभ्या कोनालाही मर्यादा घाल, वर ५० आणि खाली ४० पुरे.

आता ती चौथी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत बाजाराचा सीन केला होता. चाळीस विक्रेते होते आणि खेळणारा आला की सगळे त्याच्याकडे बघायचे. कागदावर हे आपुलकीचं वाटतं. खेळून बघणारी माणसं मात्र त्या बाजारात थांबेनात, पळत पळत बाहेर पडायची. कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं. त्या दिवसांत मी सुट्टीला घरी आलो होतो आणि ओटीवर बसून तोच सीन तपासत होतो. शेजारच्या काकी मागे उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “ह्येंका कामा नाय काय?” मी त्या रात्री कोड उघडला आणि प्रत्येक विक्रेत्याला आधी स्वतःचं काही बघायला दिलं: तराजू, गिऱ्हाईक, शेजारची टोपली. खेळणारा यादीत शेवटी गेला. बाजार वसला.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा की आधी रापण नीट बघून ये. मालवणात राहतेस, किनारा पायाखालचा आहे. मी गेल्या पावसाळ्यानंतर वही घेऊन एक सकाळ रापणीवर बसलो होतो आणि फक्त कोण कुठे बघतो ते लिहीत होतो. होडीने जाळं अर्धगोल टाकून दोराची दोन्ही टोकं किनाऱ्यावर दिलेली असतात. दोर ओढणारे मागे रेलून, समुद्राकडे तोंड करून ओढतात. त्यांची नजर बहुतेक वेळ पुढच्याच्या पाठीवर किंवा दोर पाण्यात शिरतो तिथे असते. अधूनमधून कुणीतरी दुसऱ्या दोराकडे बघतो, तिकडची रांग पुढे गेली की मागे राहिली ते पाहायला. दोर गुंडाळणारा फक्त वाळूकडे बघतो. तांडेल कुणाकडेच फार वेळ बघत नाही. जाळ्याची पाण्यावर तरंगणारी रेघ, मग डावी रांग, मग उजवी रांग, मग पुन्हा रेघ, आणि पक्षी कुठे उतरतायत त्याच्यावर एक कटाक्ष. त्या सगळ्या वेळात वही घेऊन बसलेल्या माझ्याकडे त्याने दोनदाच बघितलं.

हे स्क्रिप्टमध्ये असं उतरव. प्रत्येक पात्राजवळ बघण्यासारख्या जागांची एक यादी ठेव आणि प्रत्येक जागेला गुण दे. तांडेलासाठी जाळ्याची रेघ ६०, दोन्ही रांगा ४० आणि ४०, पक्षी २०, मुलगी १५. मुलगी दोन मीटरच्या आत आली की तिला ४० वाढव, बोलली किंवा तिची कळशी हिंदकळली की आणखी ३०. मग नवलाईचा गुणाकार लाव: ज्या जागेकडे पात्र बघतंय तिचे गुण दर सेकंदाला घटत जावेत आणि नजर हटली की सात-आठ सेकंदांत भरून यावेत. एवढ्या एका नियमाने टक लावून बघणं बंद होतं. तांडेल मुलीकडे दोन-तीन सेकंद बघतो, त्याचं कुतूहल भागतं आणि नजर जाळ्याकडे परत जाते. शिवाय ज्याच्याकडे आत्ता बघतोय त्याला दहा गुण जास्त दे, आणि एकदा नजर बसली की किमान ०.८ सेकंद हलू देऊ नकोस. नाहीतर दोन जागांचे गुण सारखे झाले की डोळे भिरभिरतील.

दोरावरच्या वीस जणांसाठी आणखी एक गोष्ट कर. सगळ्यांमध्ये मिळून फक्त तीन परवाने ठेव. मुलीकडे बघायचं तर परवाना घ्यायचा, बघून झालं की परत करायचा. तिसऱ्यानंतरच्या माणसाला वाट बघावी लागेल. मग ती रांगेच्या कडेने चालत जाईल तशी एकेकाची नजर उचलली जाईल आणि खाली जाईल, जशी खऱ्या किनाऱ्यावर जाते. तिला भिंती किंवा होडीआडून कुणी बघू नये म्हणून डोळ्यांपासून एक रे, म्हणजे मध्ये काही आडवं येतंय का ते तपासणारी सरळ रेघ, टाकावा लागेल. तो दर फ्रेमला नको, सेकंदाला पाच वेळा पुरतो, आणि सगळ्यांचे रे एकाच फ्रेमला पडू देऊ नकोस. पंधरा मीटरच्या पलीकडच्या पात्रांचे डोळे हलवायचं कारण नाही, कुणाला दिसत नाहीत. जुन्या फोनला तेवढाच श्वास मिळेल.

मुलीच्या स्वतःच्या डोक्यालाही हीच यादी जोड. १९९८ सालच्या ग्रिम फँडँगो या गेममध्ये पडद्यावर बाण किंवा खुणा नव्हत्या. नायक उचलण्यासारख्या वस्तूजवळून गेला की त्याचं डोकं तिकडे वळायचं आणि खेळणाऱ्याला कळायचं. तुझी मुलगी कळशी ठेवायच्या जागेकडे किंवा तहानलेल्या माणसाकडे अशी बघू शकते. मग तू लावलेला तो पिवळा चमकता गोल काढून टाकता येईल, आणि काढावास असं माझं स्पष्ट मत आहे. या किनाऱ्यावर तो परका वाटतो.

जमलं तर एक दिवस कुडाळजवळच्या पिंगुळीला जा आणि ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघ. याच परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुलीचे डोळे रंगवलेले असतात, हलत नाहीत. तरी ती कुणाकडे बघतेय हे मागच्या रांगेत बसूनही कळतं. मी लक्ष देऊन पाहिलं तेव्हा दिसलं की डोकं आधी वळतं, अंग मागून येतं, आणि मग बाहुली क्षणभर अगदी स्थिर राहते. त्या स्थिर क्षणात तिची नजर दिसते. मी माझ्या स्प्रिंगमध्ये त्यानंतर एक बदल केला: डोकं टार्गेटवर पोचलं की पाव सेकंद सगळी बारीक थरथर, श्वासाचं हलणंसुद्धा, निम्मं करतो. फरक करून बघ, शब्दांत सांगून पटणार नाही.

काम करताना रेषा काढल्याशिवाय बसू नकोस. डोळ्यांपासून टार्गेटपर्यंत लाल, डोक्याच्या रोखाची पिवळी, डोळ्यांच्या रोखाची निळी. डोक्यावर चालू टार्गेटचं नाव आणि गुण लिहून ठेव. निळी रेघ लालवर बसत नसेल तर चूक वळणाच्या स्क्रिप्टमध्ये आहे, लाल रेघच भलतीकडे जात असेल तर लक्षाच्या. दोन स्क्रिप्ट वेगळ्या केल्याचा फायदा इथे हातात येतो.

शेवटच्या सीनबद्दल तू विचारलं होतंस, जाळ्याचा खोला, म्हणजे मासे साठतात तो भाग, वाळूवर येतो तेव्हा काय करायचं. तिथे परवाने काढून टाक आणि खोल्याला १०० गुण दे. सगळ्यांनी बघायचं, पण एकदम नको. प्रत्येकाला ०.१ ते ०.६ सेकंदांमधला वेगळा उशीर दे, पाण्याजवळच्यांना कमी, लांबच्यांना जास्त, म्हणजे माना लाटेसारख्या वळत जातील. सगळे बांगडा मासळीकडे बघत असताना तांडेलाचं डोकं जाळ्याकडेच ठेव आणि फक्त डोळे अर्धा सेकंद मुलीकडे वळव. तिची कळशी रिकामी झालीय, हे त्याला दिसलेलं असेल.